घोर

आमचं घर छिंदवाडा रोडच्या आतल्या गल्लीत. लहानपणी सदरहून घरी यायला ऑटोत बसलं की ऑटोवाला बाहेर डोकं काढून ओरडायचा, "पागलखाना, पागलखाना!" मग कोणी भाजीची पिशवी घेऊन उतरायचं, कोणी दप्तर घेऊन. चौकाचंच नाव ते. आजही पागलखाना चौक म्हटलं की नागपुरात दुसरी खूण सांगावी लागत नाही. त्या लांबलचक भिंतीच्या आत 1864 पासूनचं मनोरुग्णालय आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी हे एक, 940 खाटांचं. बाकीची ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीला. आम्ही पोरं रोज त्या भिंतीशेजारून शाळेत जायचो आणि कोणाचं गणित चुकलं की म्हणायचो, "याले आत टाका." आत कोण असतं, तिथे काय करतात, बरे होऊन कोणी बाहेर येतं का, हे मोठ्यांनाही ठाऊक नव्हतं. निदान आमच्या घरी तरी कोणी त्याबद्दल बोलायचं नाही.

2005 ची दिवाळी झाली आणि मामा आमच्याकडे आला. पोट दुखतं म्हणून. गावाकडचा माणूस नागपुरात दुखणं घेऊनच येतो, एरवी त्याला सवड कुठे असते. मामा कास्तकार, नऊ एकर कोरडवाहू. कापूस आणि तूर. उंच, हसरा, बोलण्यात कोणाला हार न जाणारा माणूस. तो आला तेव्हा शर्ट खांद्यावरून घसरत होता. आई त्याच्या ताटात पोळी वाढायची आणि तो ती दुमडून तशीच ठेवायचा. म्हणायचा, "अन्न गोड नाही लागत."

सोनोग्राफी झाली, दुर्बिणीची तपासणी झाली, रक्त झालं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. आईनं टेकडीच्या गणपतीला नारळ फोडला. ज्या दवाखान्यात दाखवलं तिथल्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणि ताकदीचं औषध लिहून दिलं. झोप कशी आहे हे त्यांनी विचारल्याचं मला आठवत नाही. पण त्यांना तरी काय दोष देऊ? आम्हीही विचारलं नव्हतं.

अकरा रात्री मामा आमच्या पुढच्या खोलीत गादीवर झोपला. म्हणजे पडला. एका रात्री मी पाणी प्यायला उठले तर तो खिडकीशी बसलेला. मी तेव्हा एम.ए.ला होते, दुसऱ्या दिवशी पेपर होता.

"मामा, झोप नाही आली?"

"नाही वं. घोर लागला जिवाले."

"कशाचा?"

"आता कशाचा म्हणून सांगू."

मी म्हटलं, "टेन्शन नको घेऊ मामा, होईल सगळं ठीक." आणि आत जाऊन झोपले. ती भिंत, ते रुग्णालय, तिथली रोज सकाळी भरणारी ओपीडी, हे सगळं त्या खिडकीपासून पायी दहा मिनिटांवर होतं.

पुढच्या पावसाळ्यात मामा गेला.

कसा गेला ते मी लिहिणार नाही. त्या वेळी आमच्या दारात आलेल्या प्रत्येकानं पहिला प्रश्न तोच विचारला होता, आणि मामी दरवेळी पहिल्यापासून सगळं सांगायची. आता वाटतं, कोणीतरी तिला थांबवायला हवं होतं. पुढे समजलं की अशा मृत्यूचा तपशील रंगवून सांगितला, छापला, की काठावर उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाला तो पुढे ढकलतो. जागतिक आरोग्य संघटना हे वर्षानुवर्षं सांगते आहे, आणि आपल्याकडे प्रेस कौन्सिलनंही 2019 मध्ये वर्तमानपत्रांसाठी तशी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. तरीही रोजच्या पेपरात तेच मथळे दिसतात. घराघरांतल्या बैठकीत तर विचारूच नका.

ते 2006 साल होतं. जूनच्या शेवटी खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले होते आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं. त्याच वर्षी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला राज्य सरकारनं एक लाखाची मदत द्यायची पद्धत घट्ट बसली: 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. त्यासाठी मृत्यू 'पात्र' असावा लागतो. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचं, बँकेचं की सोसायटीचं, ते थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का. मामाचं मोठं कर्ज सावकाराचं, आणि त्याला कागद नव्हता. प्रकरण अपात्र ठरलं. मामीला तो शब्द कळला नाही. तिनं मला विचारलं, "अपात्र म्हणजे काय वं? त्यायचं मरण खरं नाही म्हणते का?" मी काहीतरी नियमांचं सांगत बसले. ती ऐकत होती असं वाटत नाही.

त्या दिवसापासून विदर्भातल्या आत्महत्यांवर जे मिळेल ते मी वाचत आले. साहेबराव करपे यांच्या कुटुंबाच्या आठवणीत 19 मार्चला गावोगावी लोक एक दिवस अन्न सोडतात. 1986 साली यवतमाळच्या चिलगव्हाणचं ते कुटुंब संपलं. मधल्या काळात किती समित्या, किती मिशनं, किती पॅकेजं आली. दर डिसेंबरला अधिवेशन नागपूरला येतं, यशवंत स्टेडियमजवळून मोर्चे निघतात, हमीभाव, कर्जमाफी, सिंचन, सगळं बोललं जातं, आणि ते बोललंच पाहिजे. कापसाला भाव नाही हे खोटं नाही. बोंडअळी खोटी नाही, सावकार खोटा नाही. पण या सगळ्या वाचनात एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. आम्ही मेलेल्या माणसाचा सातबारा तपासत होतो, कर्जखातं तपासत होतो. तो जिवंत असताना सहा-सहा महिने झोपत नव्हता, हे कोणत्याच रकान्यात नव्हतं.

आणि माणूस सांगत नाही असं मुळीच नाही. मामानं सांगितलं होतं. आपल्या बोलीत सांगितलं होतं. घोर लागला. जीव लागत नाही. अन्न गोड लागत नाही. हातपाय गळाल्यासारखे होतात. डोक्यात भणभण होते. कशातच राम नाही. पुढे एकदा शाळेतल्या शिक्षकांसाठी झालेल्या एका प्रशिक्षणात (मी शिक्षिका आहे) समुपदेशकांनी फळ्यावर नैराश्याची लक्षणं लिहिली: झोप उडणं, भूक मरणं, कशातही रस न वाटणं, थकवा, निराशा, आणि हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त टिकणं. मी ती यादी वहीत उतरवून घेताना थांबले. हे तर मामाचंच बोलणं होतं, शब्द तेवढे वेगळे. डॉक्टर ज्या खुणा शोधतात त्या सगळ्या आमच्या आज्यांनी आधीच नावं देऊन ठेवलेल्या. आम्ही मात्र त्या सगळ्यांवर 'टेन्शन' हा एकच शब्द चिकटवला, आणि टेन्शन म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "नको घेऊ." जणू ते बाजारातून पिशवीत घालून आणलेलं असतं.

त्याच प्रशिक्षणात आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मी जमेल त्याला सांगत असते. समोरचा माणूस खचलेला दिसत असेल तर "मरावंसं वाटतं का" असं सरळ विचारावं. विचारल्यानं त्याच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. तो आधीच आत असतो, एकटा असतो. विचारल्यावर त्याला पहिल्यांदा सोबत मिळते.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांना 'डिप्रेशन' म्हटलं की आमच्याकडे लोक चिडतात. मला ती चीड समजते. सरकारला हात झटकायला ते निमित्त होईल अशी भीती त्यामागे आहे, आणि ती भीती काही उगाच नाही. पण मामाचा भाव पडला म्हणून त्याची झोप गेली, झोप गेली म्हणून त्याला पुढचं काही सुचेना, सुचेना म्हणून त्यानं गड्याला बोलावलं नाही, तण माजलं, आणि त्यातून आणखी घोर. या चक्रात कुठूनही हात घातला तरी माणूस धरता येतो. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत असा हात घालून पाहिला गेला. 'विश्राम' नावाचा प्रकल्प होता. गावातल्याच लोकांना शिकवून तयार केलं, त्यांनी घरोघरी जाऊन याच दुखण्याबद्दल बोलणं सुरू केलं, गरज असेल त्याला समुपदेशन आणि डॉक्टरपर्यंत पोचवलं. 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण कोणाकडे मदतीला जात होते. दीड वर्षानंतर 27 जात होते. वर्षभरात मरणाचे विचार मनात आलेल्यांचं प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 वर आलं होतं. त्या दीड वर्षात कापसाचा भाव काही दुप्पट झाला नव्हता. हे आकडे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. पण मी बराच वेळ नुसती बसून होते, 2005 ची ती खिडकी आठवत.

आणि हे फक्त शेतातलं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या नोंदीत देशात 1,70,924 आत्महत्या आहेत. त्यात सर्वांत जास्त आपल्या राज्यात, 22,746. शेतकरी आणि शेतमजूर मिळून राज्यात 4,248. हाही देशातला सर्वांत मोठा आकडा. पण उरलेले अठरा हजारांवर कोण? रोजंदारीवर जाणारे, दुकान चालवणारे, नोकरी गेलेले, भाड्याच्या खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे. देशभरात त्या एका वर्षात 25,309 गृहिणी होत्या आणि 13,044 विद्यार्थी. गृहिणींसाठी कोणता मोर्चा निघाला? माझ्या वर्गातल्या मुली दहावीच्या निकालाआधी ज्या शांतपणे बसतात, तो शांतपणा मला आता शांतपणा वाटत नाही.

2023 च्या पोळ्याला दादा नागपूरला आला. दादा म्हणजे मामाचा मोठा मुलगा. मामा गेला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, कॉलेज सोडून शेतीला लागला. आता शेतात कापूस कमी, सोयाबीन जास्त. त्या वर्षी सोयाबीनवर येलो मोझॅक आला होता. हिरवंगार शेत आठवड्याभरात पिवळं पडलेलं त्यानं पाहिलं होतं. पोराला मारबत दाखवायचं कबूल केलं होतं म्हणून तो आला.

नागपूरबाहेरच्यांना सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीत पिवळी मारबत आणि काळी मारबत निघते. मारबत म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा. सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली मिरवणूक. माणसांचा समुद्र असतो, आणि सगळे ओरडत असतात: इडा, पिडा, रोगराई, घेऊन जाय गे मारबत! महागाई घेऊन जाय, भ्रष्टाचार घेऊन जाय, डेंग्यू घेऊन जाय. कोविडच्या काळात कोरोनालाही हाकललं. पोरगं दादाच्या खांद्यावर बसून घसा फाटेपर्यंत ओरडत होतं. दादा ओरडत नव्हता. पिवळी मारबत समोरून गेली तेव्हा त्याचे ओठ हलले. मी अगदी शेजारी होते म्हणून ऐकू आलं.

"घोर घेऊन जाय गे मारबत."

अठरा वर्षांनी तोच शब्द. त्या गर्दीत माझे हातपाय गार पडले.

रात्री जेवणं झाली, पोरगं झोपलं. दादानंही पोळी दुमडून ठेवली होती. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. बोलायचं काय ते मनात दहादा घोळवलं होतं, तरी तोंडातून निघेना. शेवटी विचारलं, "दादा, मरावंसं वाटते का कधी?"

तो पंख्याकडे पाहत राहिला. बाहेर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तो आवाज अजून कानात आहे.

"वाटते."

"कधीपासून?"

"पेरणी झाल्यापासून. बाबा कसे बसत होते ना रातच्याले, तसा बसून रायतो मी. आता समजते मले त्यायचं."

मी त्याला समजावलं नाही. तुझी लेकरं आहेत, असं कसं बोलतो, काही म्हटलं नाही. ते शिकवलेलं होतं म्हणून. नाहीतर माझ्या जिभेवर तेच आलं होतं. नुसता हात धरून बसले. मग दोघांनी मिळून 14416 ला फोन लावला. टेलिमानस म्हणतात त्याला, केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली सेवा, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडे एक बाई होत्या. आधी माझ्याशी बोलल्या, मग दादाशी. तो कितीतरी वेळ बोलत होता, मध्येच रडत होता. त्यांनी मला सांगितलं, आज रात्री यांना एकटं सोडू नका आणि सकाळी मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा.

सकाळी आम्ही पायी निघालो. दहा मिनिटं. फाटकाशी दादा थांबला.

"इथं?"

"हो, इथं."

"कोणी पायलं तं?"

"मी आहे ना सोबत."

आत गेल्यावर त्याला आणि मलाही आश्चर्य वाटलं ते ओपीडीच्या रांगेचं. कॉलेजची पोरगी, पोलिसातला एक हवालदार, नऊवारीतली म्हातारी, डब्बा घेऊन थेट कामावर जाणारा एक मजूर. आपल्यासारखी माणसं. लहानपणापासून ज्या भिंतीला घाबरत आले तिच्या आत लोक नंबर लागायची वाट पाहत बाकांवर बसलेले होते, जसे कोणत्याही दवाखान्यात बसतात.

डॉक्टर तरुण होते. झोप, भूक, काम, सगळं विचारलं. मग मी रात्री विचारलेलाच प्रश्न, तसाच सरळ. दादानं या वेळी लगेच उत्तर दिलं. मग त्यांनी कर्ज विचारलं, सोयाबीन विचारलं, वडिलांचं विचारलं. म्हणाले, "सोयाबीनवर माझ्याकडे औषध नाही दादा. झोपेवर आहे. झोप लागली की सोयाबीनचं काय करायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सुचेल." गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, मध्येच बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी तीनदा सांगितलं. आणि मला बाजूला बोलावून म्हणाले, फवारणीची औषधं घरात ठेवू नका, दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवा. तो वाईट क्षण अनेकदा थोड्या वेळाचाच असतो, तेवढा टळला की माणूस वाचतो. श्रीलंकेनं सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या, हे मी वाचलं होतं. त्याचा संबंध आमच्या गोठ्याच्या कोनाड्याशी आहे, हे मात्र त्या दिवशी समजलं. वहिनीनं दुसऱ्याच दिवशी सगळ्या बाटल्या चुलतदिराकडे नेऊन ठेवल्या.

दादाला पोलिसांची भीती होती. असं बोलून दाखवलं तर केस होते, असं त्याला गावात कोणी तरी सांगितलं होतं. मनात विचार येणं हा गुन्हा कधीच नव्हता. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तर प्रयत्न केलेल्या माणसालाही तो तीव्र तणावाखाली होता असं मानून उपचार आणि आधार द्यायला सांगितलं आहे. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं 309 कलम जुलै 2024 पासून, नव्या संहितेत, तसं उरलेलंच नाही. हे गावात कोणाला माहीत नाही. सरपंचालाही नव्हतं.

नंतरचं सगळं सोपं झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यानं गोळ्या सोडल्या, वहिनीचा फोन आला, पुन्हा सुरू केल्या. गावात एकानं तोंडावर विचारलं, "पागलखान्यात गेलता म्हणे?" दादा दोन दिवस घराबाहेर पडला नाही. कर्ज होतं तेवढंच होतं. पुढे नागपूरच्या खेपा परवडेनात, तेव्हा डॉक्टरांनीच त्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा कागद दिला. अशी सोय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, गोळ्या तिथे फुकट मिळतात, हेही आम्हाला तेव्हाच कळलं. मामीला सगळं सांगायला आम्ही घाबरत होतो. तिनं ऐकून घेतलं, आणि एवढंच म्हणाली, "तवा असं काही असते हे कोणी सांगतलंच नाही वं आमाले." मग उठून चुलीकडे गेली.

2024 च्या पोळ्याला मी गावी गेले. स्वयंपाकघरात खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं आहे. दुधाचा हिशेब त्यावर असतो, गॅस कधी लावला ते असतं. वरच्या कोपऱ्यात वहिनीनं बॉलपेननं 14416 लिहून ठेवलंय, गिरवून जाड केलेलं. जानेवारीपासून प्रत्येक तारखेच्या चौकटीत तिच्या हातची एक बारीक बरोबरची खूण होती, रात्रीची गोळी घेतली की करायची. मी पानं उलटून पाहत होते. मार्चमध्ये तीन चौकटी कोऱ्या. मेमध्ये एक.

दादा बैलांच्या शिंगांना रंग लावून आला, हात लाल-हिरवे झालेले. 2 सप्टेंबरच्या चौकटीपुढे उभा राहून त्यानं गोळी घेतली, पेन शोधलं आणि खूण स्वतः केली. रंगाचं बोट कागदाला लागलं. वहिनी पुरणाच्या पोळ्या लाटत होती. तिनं ते पाहिलं आणि पोळी तव्यावर टाकली.